भिंतीला टेकलेल्या

१

मे महिन्यात घराचं काम काढू नका, हे वनमालेनं नवऱ्याला तीनदा सांगितलं होतं. पण ऐकतील तर ते सुंदरराव कसले! हायस्कूलच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी करून ते मार्चअखेर निवृत्त झाले होते, आणि रिकामा माणूस घरात बसला की त्याला घराचीच हाडं दिसायला लागतात. पुढच्या अंगणात सिमेंटचे गट्टू बसवायचे, फाटक बदलायचं, मागच्या बाजूला लॉन करायचं. लॉन! घाटनांदुरात, मे महिन्यात, बोअर दिवसाला चार घागरी ओकत असताना. कुठल्याशा लग्नाला गेले आणि मंगल कार्यालयाची हिरवळ डोळ्यांत भरून घेऊन आले, एवढंच निमित्त.

वनमालेला यातलं एकच काम हवं होतं, मागच्या खोलीचं. तिची एकुलती एक लेक मनिषा कडा गावी दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. सातवा महिना सरत आला होता आणि आठवा लागायच्या आत तिला आणायला हवं होतं, कारण आठव्यात तिची सासू तिला उंबरा ओलांडू देणार नव्हती. मागची खोली उत्तरेची, घरातली सगळ्यात गार. तिला रंग द्यायचा, खिडकीला डासांची जाळी ठोकायची, की झालं. हातात दहा दिवस होते.

रंगारी बंकट. येतो म्हणाला की येत नसे, आणि आला की पुडी फोडून बसण्यात अर्धी सकाळ घालवी. पाच दिवसांत पुट्टी, प्रायमर आणि फिकट पिस्ता रंगाचा पहिला हात त्यानं कसाबसा उरकला. सहाव्या दिवशी दुसरा हात मारून तो अकराला जेवायला गेला.

दोन वाजता वनमाला रंग वाळला का बघायला खोलीत गेली आणि दारातच कपाळावर हात मारून घेतला.

समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून पावणेदोन हात उंचीवर, तळहाताएवढा तेलकट डाग पडला होता. मधे गडद, कडेला पिवळट. असा डाग कुणाला ओळखू येत नाही? घरातलं म्हातारं माणूस रोज एकाच जागी भिंतीला टेकून बसलं, की डोक्याच्या तेलानं पडतो तोच. फक्त तो पडायला वर्षं जातात. हा तीन तासांत पडला होता.

२

"बंकट! नव्या रंगाला डोकं टेकून झोपला होतास का रं?"

"म्या कावून टेकू काकू? आन् माज्या डोक्याला टोपी हाय की," बंकट म्हणाला. टोपीवर पाच रंगांचे शिंतोडे होते, तेल कुठंच नव्हतं.

सुंदररावांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या डोक्यावर केस नव्हते, तेल कुठून येणार? उरली छबुबाई. ती भांड्याला यायची, मोरीपासून मागच्या दारापर्यंत तिचा वावर. पण ती डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, आणि मागच्या खोलीत तिला कामच नव्हतं. तरी वनमालेनं विचारलंच. छबुबाईला राग आला. हातातली कढई आपटून ती म्हणाली, "वैनी, मला तुमच्या घरी बसायला कुटं उसंत हाय?"

बंकटनं डाग घासला, पुट्टी भरली, वरून हात मारला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता डाग जागेवर होता. यावेळी वनमालेनं नाक जवळ नेलं. करडईच्या तेलाचा वास होता, घाण्याच्या तेलाचा, जाडसर. तिची आजी पूर्वी डोक्याला लावायची तसलं. आता कोण लावतं? घरात खोबरेलाची निळी बाटली होती, तीही गेल्या दिवाळीची.

ओल्या रंगात एक केस चिकटला होता. तिनं नखानं ओढून काढला. हातभर लांब निघाला. मेंदीनं तांबूस झालेला, मुळाशी दोन बोटं पांढरा.

या घरात मेंदी कुणी लावत नव्हतं. वनमालेनं तो केस गुंडाळला, खिडकीतून फेकला, आणि संबंध संध्याकाळ भांड्यांवर राग काढला.

३

आठव्या दिवशी डाग तीन झाले. एका ओळीत, थोड्या थोड्या अंतरावर. एक जरा वर, एक पार खाली, एखादी ठेंगणी बाई बसावी तसा.

"ओल हाय ती," सुंदरराव चष्मा वर करून म्हणाले. "भिंत ओल धरती. पुट्टी फुगती, तेल सोडती."

"पुट्टी तेल सोडती?"

"सोडती की. केमिकल असतं त्यात."

"मग ओल कुठून आली? आभाळातून?"

त्यांची नजर खिडकीतून लॉनकडं गेली. वनमालेच्याही ध्यानात आलं तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना. भिंतीच्या पलीकडेच यांचं लॉन. टँकर बोलावून सकाळ-संध्याकाळ पाइपनं भिजवत होते त्या गवताला. गवत पिवळंच पडत होतं, आणि पाणी सगळं भिंतीच्या पायात मुरत होतं. ती तशीच बाहेर गेली, पाइप नळापासून उपटला आणि गच्चीवर नेऊन टाकला.

"लेकीच्या बाळाला ओल्या भिंतीशी झोपवायचंय का तुमाला? गवत मोलाचं हाय का नातवंड?"

"अगं, दोन दिवसांत जळून जाईल ते."

"जळू द्या."

दोघं त्या दिवशी एकमेकांशी बोलले नाहीत. पण खरं सांगायचं तर वनमालेला त्या रात्री गाढ झोप लागली. कारण सापडलं होतं. माणसाला कारण लागतं, मग ते गवताचं का असेना.

दुसऱ्या दिवशी भिंत हाताला खडखडीत कोरडी लागली. आणि डाग सात झाले होते. आता ते एका भिंतीवर मावत नव्हते, कोपऱ्यातून वळून दुसऱ्या भिंतीवर गेले होते. वनमाला खोलीच्या मधोमध उभी राहिली. आपण कुठल्या तरी कार्यक्रमाला उशिरा पोचलोय असं तिला उगाच वाटून गेलं. बारशाला बायका बसतात ना, भिंतीला पाठ लावून, मधली जागा पाळण्याला मोकळी सोडून? तशीच ही मांडणी होती.

बंकटनं ते बघितलं, टोपी काढली, परत घातली.

"काकू, ब्रश धुवून ठिवलेत. म्या उद्या येतो."

तो परत आला नाही. फोन उचलला नाही.

४

वनमाला भित्री नव्हती. चिडकी होती. घरात चोरून कोण येऊन बसतं हे बघायचंच, असं ठरवून ती दहाव्या दिवशी जेवणं उरकल्यावर रंगाची रिकामी बादली पालथी घालून खोलीच्या दारात बसली. खिडकीला नवी जाळी होती, मागच्या दाराला कडी होती. सुंदरराव पुढं गट्टू बसवणाऱ्यांच्या डोक्यावर उभे होते.

दीड वाजता वीज गेली. पंखा गरगरत थांबला, आणि सगळं गाव थांबल्यासारखं झालं. उन्हानं बाहेरचा पत्रा तडकत होता, तेवढाच आवाज.

मग खोलीत कुणीतरी खाली बसलं.

दिसलं काहीच नाही. पण तो आवाज ती जन्मभर ऐकत आली होती. वयस्कर बाई गुडघ्यावर हात रेटून टेकते तेव्हा तिच्या तोंडून आपोआप सुटतो तो उसासा, 'आई गंऽ' च्या अलीकडचा. गुडघा कटकन वाजला. काचेच्या बांगड्या फरशीला लागल्या. थोड्या वेळानं शेजारी दुसरा उसासा, जरा जाड. मग तिसरा. कुणी घाईनं बसत नव्हतं. सावकाश, जागा करून देत, सरकून घेत.

तिनं मोजले. सात झाले तेव्हा दुसऱ्या भिंतीवर, ओळीच्या टोकाला, जिथं अजून काही नव्हतं, तिथं रंग हळूहळू काळवंडला. कागदावर भजं ठेवल्यावर खालून तेल उमटतं तसा. आठवा डाग तिच्या डोळ्यांदेखत गोल झाला, थोडा डावीकडे सरकला, आणि स्थिर झाला. कुणीतरी मान नीट टेकवली होती.

मग एक हलकं खाकरणं. वाट बघणाऱ्या माणसाचं.

वनमाला उठली. ती भ्यायली होती, पण नंतर तिला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. उठताना तिनं नकळत डोक्यावर पदर घेतला होता, घरात पाहुण्या बायका आल्यावर घेतात तसा.

५

तिनं मनिषाला फोन लावला.

"दोन दिवस थांब. रंगाचा वास जाईना."

"आई, परवा आठवा लागतोय. मग आत्याबाई सोडतील का मला?" मनिषा सासूला आत्याबाई म्हणायची.

"मग नवव्यात ये."

"म्हंजे? तुमचं रंगकाम आटपेना म्हणून मी इथं उकाड्यात मरू? तुला मी यायला नको असंल तर सरळ सांग ना!"

आता हिला काय सांगायचं? खोलीत आठ बायका बसल्यात म्हणून? सुंदररावांना सांगून बघितलं तर ते म्हणाले, "वीज गेली की डोक्यात असं होतं, ताक पी." वनमालेला स्वतःलाही ते पटावंसं वाटत होतं. ऊन होतं, दहा दिवसांची दगदग होती, नीट जेवण नव्हतं. तिनं ताक प्यायलं. डागांवर जुनी चादर टांगली, दुसऱ्या भिंतीपुढं कपाट सरकवलं. मनिषाला पुढच्या खोलीत आपल्याजवळ झोपवायचं ठरवून टाकलं, आणि मागच्या खोलीला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी मनिषाच्या नवऱ्यानं, सत्यमनं, पहाटेच गाडी काढली. बाराच्या सुमाराला दोघं दारात. वनमालेनं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. सत्यमला सासऱ्यांनी नवं फाटक दाखवायला नेलं, आणि वनमाला स्वयंपाकघरात वळली. मनिषा कुठं बसली ते तिनं बघितलं नाही. एवढंच चुकलं.

६

पोळ्या लाटता लाटता तिला मनिषाचा आवाज आला.

"सातवा. आज सरंल." थोडं थांबून, "न्हाई, पहिलंच." परत थांबून, हसून, "होय, हितंच. आई म्हणली गार खोली हाय."

मोरीशी भांडी घासणाऱ्या छबुबाईनं मान वर केली. "ताई कोनासंगं बोलत्यात वैनी?"

"फोनवर असंल सासूशी."

छबुबाईनं ओल्या बोटानं फ्रिजकडं दाखवलं. मनिषाचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता.

लाटणं टाकून वनमाला मागच्या खोलीकडं धावली.

मागच्या खोलीची कडी निघालेली होती. भिंतीवरची चादर घडी घालून कोपऱ्यात ठेवली होती, नीट, चौकोनी, आणि कपाट भिंतीपासून दूर सरकलं होतं. मनिषा फरशीवर बसली होती, भिंतीला टेकून, पाय पसरून, डोळे मिटून. चेहऱ्यावर कसलं समाधान होतं! आणि तिच्या दोन्ही अंगांना, चारी भिंतींवर, दरवाजाच्या चौकटीपर्यंत डागच डाग, ताजे, ओले. तिच्या डोक्याच्या अगदी शेजारचा एक डाग तिच्याकडं कलला होता. कान देऊन ऐकणाऱ्या बाईसारखा.

"मने."

मनिषानं डोळे उघडले. "अगं, डोळाच लागला. छबुबाईनं खिडकीतून किती इचारलं. आणि तू एवढ्यात कावून भरलीस? घरी टेकायच्या आत?"

"काय भरलं?"

मनिषानं मांडीवरचा पदर उघडून दाखवला. ओटीत जोंधळे होते, पसापसा, पिवळे बारीक दाणे. वर हळकुंड, सुपारी आणि एक नारळ, शेंडीला कुंकू लावलेला. वनमालेच्या घरात जोंधळे नव्हते. ओटीला ती गहू वापरायची, आणि ते अजून डब्यात होते.

७

इथं दुसरी कुणी किंचाळली असती. वनमालेलाही तसंच काहीसं करायचं होतं. पण तोंड उघडलं आणि बाहेर पडला तो अकरा दिवसांचा वैताग.

"बास झालं!" ती म्हणाली. मनिषा दचकली. पण आई तिच्याकडं बघत नव्हती, तिच्या डोक्यावरून भिंतींकडं बघत होती. "कोण बोलावलंय तुमाला? रंग म्हणून टिकू दिला न्हाई. बसायचं तर बसायचं, वर माज्या लेकीची ओटी भरायची? मी जित्ती हाय अजून. माज्या लेकीची ओटी मी भरीन. उठ मने."

"आई, कुणाला बोलतीस?"

"उठ म्हणते ना!"

तिनं लेकीला दंडाला धरून उठवलं, पदर हिसडला. जोंधळे फरशीवर उधळले, नारळ गडगडत भिंतीशी गेला. गेला आणि भिंतीला लागायच्या आधीच थांबला, कुणाच्या तरी पायाला अडल्यासारखा.

कुणी उठल्याचा आवाज आला नाही. एकही बांगडी वाजली नाही. रागाचं काही नव्हतंच त्या खोलीत, फक्त सगळ्यांनी एकदम बोलणं थांबवावं तशी शांतता होती. ती शांतता वनमालेला पाठीवर जाणवली, लेकीला घेऊन ती ओसरीवर येईपर्यंत.

सत्यम अजून फाटकाशीच होता. "पाहुणे, चला अंबाजोगाईला," ती म्हणाली. तिथं तिचा भाऊ रामहरी राहायचा, घराचा वरचा मजला रिकामा होता. "हितं रंगाचा वास हाय. दवाखानाबी तिकडंच जवळ पडतो." सुंदरराव काही बोलायला लागले तेव्हा तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते गट्टूंकडं वळले. स्वयंपाकघरातल्या पोळ्या तव्यावरच राहिल्या.

८

मनिषाला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुलगी झाली. अंबाजोगाईत, दवाखान्यात, व्यवस्थित. बाळ सव्वातीन किलोचं, आवाजाला खणखणीत. बारसं रामहरीच्या वरच्या मजल्यावर झालं. बायका भिंतीला टेकून बसल्या तेव्हा वनमाला एकेकीच्या मागं उशी सरकवत फिरत होती, आणि सगळ्यांना वाटलं, किती अगत्याची बाई.

त्या घराबद्दल ती कुणाशी बोलली नाही. मनिषाला ती दुपार डोळा लागल्याची आठवत होती, जोंधळे आठवत नव्हते, किंवा आठवून घ्यायचे नव्हते. सुंदरराव घाटनांदुरातच राहिले होते. गवत जगवायचं होतं ना. दर रविवारी येऊन नातीला बघून जात.

सव्वा महिना झाला तशी मनिषानं टुमणं लावलं, कड्याला जायच्या आधी चार दिवस आपल्या घरी जाऊ. वनमाला म्हणाली, आधी मी एकटी जाऊन साफसफाई बघून येते.

भर दुपारी ती पोचली. पुढं गट्टू ठीक बसले होते, फाटक गंजायला लागलं होतं. मागं लॉन मात्र खरंच हिरवंगार झालं होतं, आणि सुंदरराव लुंगी खोचून त्यातलं तण उपटत बसले होते.

"मागच्या खोलीत जाता का तुम्ही?" तिनं विचारलं.

"कावून जाऊ? कडी हाय तिला. सगळं ठीक हाय बघ. तेवढं एक मांजर व्यालंय कुठंतरी, लई किरकिरतंय."

"कधीपासून?"

त्यांनी बोटं मोजली. "सव्वा महिना झाला असंल."

वनमाला आत गेली. खोलीला कडी होती. तिनं ती काढली.

भिंती स्वच्छ होत्या. चारी भिंती, पिस्ता रंगाच्या, बंकटनं आत्ताच हात मारल्यासारख्या. एक डाग नाही, ओरखडा नाही. फरशीवर जोंधळ्याचा दाणा नाही. खिडकी बंद असून हवा उबदार होती, आणि त्या उबेत वास होता. शेपा आणि ओव्याच्या धुरीचा, दुधाचा, उकडलेल्या दुपट्याचा. सव्वा महिना वनमाला त्याच वासात झोपत-उठत होती. तो तिच्या लुगड्याला आहे का म्हणून तिनं पदर हुंगला. तो नव्हता.

मग तिचा नेहमीचा राग उसळून आला. सव्वा महिना हा माणूस या घरात राहतो आणि याला मांजर ऐकू येतं! ती दारातूनच मागं वळून ओरडली, "अहो! ते गवत ठिवा आन् इकडं या आधी!"

"श्शऽऽ."

आवाज खोलीतून आला. हळू, दटावणीचा, जवळून. ओठांवर बोट ठेवून बाई जशी आत येणाऱ्या माणसाला गप्प करते तसा. आणि त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी, बारीक, झोपेत चुळबुळल्यासारखं. ते थांबेपर्यंत वनमाला श्वास धरून उभी राहिली. मग तिनं दार अलगद ओढून घेतलं. कडी करकरायची, म्हणून घातली नाही.

सुंदरराव हातातली माती झाडत बोळातून येत होते. "काय गं, कावून बोंबलतीस एवढी?"

वनमालेनं ओठांवर बोट ठेवलं.